नाताळच्या आठवड्यात जॅझ आणि क्लासिकल एकत्र: पाच वाद्यं, पन्नास मिनिटं, काय आणि कसं बसवावं?

खामकाठ (प्रश्न)

जालन्यात नाताळच्या आठवड्यात चर्चच्या आवारातल्या उघड्या मंचावर पन्नास मिनिटांचा कार्यक्रम ठरलाय. सुरुवात संध्याकाळी सातला. वाद्यं पाच: व्हायोलिन, चेलो, वेस्टर्न फ्लूट, डिजिटल पियानो, तबला. ड्रम नाही, डबल बास नाही. तबला सोडून बाकी चौघं परीक्षा देत शिकलेले. समोर लिहिलेलं असेल तर पक्कं वाजवतात, पण ‘इथून सोळा बार (ठोक्यांची आवर्तनं) मनानं वाजवा’ म्हटलं की हात थांबतो.

सध्या असं बसवायलोत: कॅरोल (नाताळचं गाणं) एकदा साधं वाजवायचं, मग पियानोतला तयार ‘स्विंग’ (जॅझची झुलती लय) रिदम चालू करून तेच पुन्हा. दोन वेगळ्या कार्यक्रमांचे तुकडे एकाला एक जोडल्यासारखं वाटतंय. व्हायोलिनचा स्विंग लंगडत चालल्यासारखा येतो. चेलोनं बासचं काम करायचं तर ते नेमकं कसं? तबला कुठं घ्यावा, कुठं नको? ‘सायलेंट नाइट’मध्ये डी सेव्हनच्या जागी ए फ्लॅट सेव्हन घालून पाहिला, तो कानाला टोचतो. चूक आमची की कॉर्डची?

तालमीला सहा आठवडे आहेत. ऐकणाऱ्यांत सगळ्या वयाची माणसं, जॅझ कधी न ऐकलेलीही भरपूर.

गोदाकाठ_नांदेड

आधी तो तयार रिदम बंद करा. यंत्राचा स्विंग एकाच मापाचा असतो, ओळीच्या शेवटी तो थांबत नाही. कॅरोलच्या ओळीला शेवटी श्वास लागतो. तिथं यंत्र पुढं जातं आणि माणसं मागं राहतात. तुकडे जोडल्यासारखं वाटण्याचं निम्मं कारण हेच.

या मिश्रणाच्या दोन वाटा नीट चालून झालेल्या आहेत, त्या ओळखून निवड करा. पहिली फ्रेंच जॅझ पियानोवादक क्लोद बोलिंगची. त्याची फ्लूट आणि जॅझ पियानो त्रयीची (पियानो, बास, ड्रम) स्वीट, म्हणजे छोट्या भागांची माळ, 1973 ची, फ्लूटवादक झ्याँ-पिएर रामपालसोबतची ध्वनिमुद्रिका 1975 ची. तिच्यात फ्लूटचा पार्ट बराचसा सरळ, क्लासिकल वळणाचा आहे आणि स्विंग खालची त्रयी करते. दोघं आपापली भाषा सोडत नाहीत, मजा त्यातच आहे. दुसरी वाट मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुइसची: सगळ्यांची लय एकच आणि त्या लयीवर फ्यूगसारखं एकमेकांना उत्तर देणं. ‘गॉड रेस्ट यी मेरी जेंटलमेन’ची चाल घेऊन त्यानं ‘इंग्लंड्स कॅरोल’ केलं ते असंच. गुंथर शुलरनं 1957 साली ‘थर्ड स्ट्रीम’ हे नाव दिलं ते या सगळ्या प्रवाहाला.

तुमच्या चौघांना मनानं वाजवायचं नाही, म्हणून पहिली वाट जास्त सोयीची. त्यात कमीपणा काहीच नाही. निकोलाय कापुस्तिनचं फ्लूट-चेलो-पियानो त्रिकूट, ओपस 86, ऐका: कानाला पूर्ण जॅझ, आणि एकूण एक स्वर लिहिलेला. वाजवायला मात्र घेऊ नका. सहा आठवड्यांत तो पियानो पार्ट बसत नाही.

मी असा क्रम लावेन.

सुरुवात कोरेल्लीच्या ‘ख्रिसमस कॉन्चेर्तो’मधल्या शेवटच्या पास्तोराले भागानं. ओपस 6, क्रमांक 8, छापला गेला 1714 ला. सबंध कॉन्चेर्तो नको, फक्त हा भाग. तो जी मेजरमध्ये, बारा-आठच्या तालात आहे, आणि खाली मेंढपाळांच्या पिशवीच्या बाजासारखा स्वर धरून ठेवलेला. म्हणजे आपल्या कानाला तंबोराच: चेलोच्या मोकळ्या जी आणि डी तारा, पांढरी पाचचे सा आणि प. व्हायोलिनची पहिली ओळ तशीच, दुसरी फ्लूटला द्या. फ्लूट मधल्या सीच्या खाली जात नाही, त्यामुळे ती ओळ जिथं खाली उतरते तिथं सबंध वाक्य एक सप्तक वर न्या. एकटा स्वर उचलला की ओळ मोडते.

आता जोड. बारा-आठमध्ये तीन-तीन आठव्यांचे चार ठोके असतात, आणि स्विंगमध्येही प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीनच भाग असतात. म्हणून पास्तोरालेचा ठोका अजिबात न बदलता त्याच लयीवर पियानोनं चार बार स्विंगची साथ सुरू करायची आणि त्यावर पुढचं कॅरोल यायचं. मध्ये टाळ्यांसाठी थांबू नका. तुम्हाला जे तुकडे वाटतायत, ते या एका जागी शिवले जातात. लय आधी ठरवून घ्या, कारण पास्तोराले फार संथ घेतलंत तर पुढचा स्विंग रांगतो. ठोका मिनिटाला 70 च्या आसपास ठेवून जोडीतलं कॅरोल संथ ब्लूजच्या अंगानं घ्या.

त्यानंतर ‘गॉड रेस्ट यी’ डी मायनरमध्ये, मिनिटाला 132 च्या आसपास, चालत्या बासवर (दर ठोक्याला एक स्वर). मग विवाल्दीच्या ‘हिवाळ्या’चा मधला लार्गो, म्हणजे संथ भाग. मूळ ई फ्लॅट मेजरमध्ये, अवघे अठरा बार. अर्धा स्वर उतरवून डीमध्ये घ्या: मुख्य गाणं फ्लूटला, पावसाच्या थेंबांचं पिझिकातो (बोटानं तार छेडणं) व्हायोलिनला. इथं जॅझचा एकही कॉर्ड घालू नका. सगळंच मिश्र केलं की मिश्रण कळत नाही.

‘शेद्रिक’, म्हणजे ज्याला ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ म्हणतात ते, जी मायनरमध्ये, जॅझ वॉल्ट्झ (तीन ठोक्यांची लय) म्हणून. लिओन्तोविचचं, 1916 चं. त्याचा सगळा जीव चार स्वरांत आहे: कोमल ग, रे, कोमल ग, सा. ते चार स्वर सगळ्यांनी सतत वाजवायचे नाहीत. आठ बार व्हायोलिन, आठ बार फ्लूट, आठ बार पियानोचा उजवा हात, असं फिरवा, आणि प्रत्येक वेळी खालचा बास जी, एफ, ई फ्लॅट, डी असा उतरू द्या. हे बहुतेक ठिकाणी फसतं ते आवाज पहिल्याच मिनिटात चढल्यामुळे, मग पुढं चढायला जागाच उरत नाही.

‘सायलेंट नाइट’ शेवटून दुसरं. शेवटी तिथल्या मंडळींना पाठ असलेलं एखादं मराठी भक्तिगीत, सगळ्यांनी मिळून. ना. वा. टिळकांच्या ओवी-अभंगाच्या अंगाच्या रचना चर्चमध्ये वर्षानुवर्षं गायल्या जातात. कोणती घ्यायची ते तिथल्या गाणाऱ्यांनाच विचारा. पट्टी अशी धरा की चालीतला सर्वांत वरचा स्वर वरच्या पांढरी दोनच्या पुढं जाणार नाही. पुढं गेला की निम्मी माणसं गप्प होतात.

गज_आणि_तार

व्हायोलिनच्या लंगडण्याबद्दल. क्लासिकल शिकलेला हात स्विंग वाचताना लांब-आखूड जोडीचं माप तीनास एक करतो, म्हणजे टिंब दिलेला आठवा आणि पुढं सोळावा. हवं असतं साधारण दोनास एक: ठोक्याचे तीन भाग, पहिले दोन लांब स्वराला, तिसरा आखडत्याला. तेही मध्यम लयीत. लय मिनिटाला 200 च्या वर गेली की दोन्ही जवळजवळ सारखे होतात. तुमच्या 132 ला दोनास एक बरोबर बसेल.

माप कळूनही लंगडत असेल तर दोष गजाचा. दर ठोक्यावर गज पालटला की वजन ठोक्यावर पडतं. स्विंगचं वजन ठोक्याच्या आधीच्या आखडत्या स्वरावर असतं. म्हणून गज तिथंच पालटा आणि तो आखडता स्वर पुढच्या ठोक्याच्या स्वराला एकाच गजात बांधा. पार्टमध्ये ‘आणि-दोन’, ‘आणि-तीन’ अशा जोड्यांवर कंस काढून द्या. गज मधल्या भागात, वीतभरापेक्षा कमी. व्हिब्रातो प्रत्येक स्वराला नको, फक्त लांब स्वराच्या शेवटी, उशिरा. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर लावून आधी एकच स्केल आठवडाभर असं वाजवा, कॅरोल नंतर.

चेलोचा बास. डबल बासची सर्वांत खालची तार ई, सुमारे 41 हर्ट्झ. चेलोची सी, सुमारे 65. त्यामुळे खर्ज कमी पडणार हे धरूनच चला. चेलोनं सी आणि जी या दोन तारांवर राहावं आणि पियानोच्या डाव्या हातानं तिथं पाय ठेवू नये. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं: पियानोवाल्याला डाव्या हातात मूळ स्वर धरायची सवय असते, चेलोही तोच धरतो, आणि खाली चिखल होतो. पियानोनं डाव्या हातात कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर घ्यावा, मधल्या सीच्या आसपास. पॅडलवरचा पाय स्विंगमध्ये काढूनच ठेवायचा.

पिझिकातो बोटाच्या टोकानं नको, पेराच्या मांसल बाजूनं, आणि घोडीजवळ नको, तर पट्टी जिथं संपते त्याच्यावर. डाव्या हाताचं बोट पुढचा स्वर येईपर्यंत उचलू नका. लवकर उचललं की नुसता ‘ठप’ येतो. चालता बास लिहायची सोपी रीत: पहिल्या ठोक्याला कॉर्डचा मूळ स्वर, चौथ्याला पुढच्या मूळ स्वराच्या अर्धा स्वर अलीकडचा. डी मायनरवरून जी मायनरला जायचं तर डी, ई, एफ, एफ शार्प आणि मग जी. चेलोवादकाला हे लिहूनच द्या. आणि सलग दोनापेक्षा जास्त गाणी पिझिकातोची ठेवू नका, सवय नसलेल्या बोटाला फोड येतो. क्रमात मध्ये विवाल्दी आहे, तिथं बोटाला आराम मिळतो.

मांजरा_तीर

ए फ्लॅट सेव्हनचं उत्तर देतो. चूक तुमच्या कानाची नाही.

‘सायलेंट नाइट’ 1818 सालचं, ओबर्नडॉर्फमध्ये गिटारच्या साथीवर गायलेलं. फ्रान्झ ग्रुबरची चाल. सहा-आठमध्ये बारा बार. जी मेजर धरून सांगतो. अकराव्या बारच्या उत्तरार्धात चाल डी, सी, ए अशी उतरते आणि खाली डी सेव्हन असतो. त्या जागी ए फ्लॅट सेव्हन घातलात की चालीतला ए आणि बासमधला ए फ्लॅट शेजारी येतात. टोचतंय ते तेच. नवव्या बारलाही हाच पेच, कारण तिथंही उत्तरार्धात ए आहे.

नियम असा: चालीत डॉमिनंट कॉर्डचा (इथं डी सेव्हनचा) पाचवा स्वर ठळक असेल तर ट्रायटोनचा बदल, म्हणजे सहा अर्धे स्वर दूरचा कॉर्ड घालणं, करू नये. तो पाचवा स्वर नव्या कॉर्डच्या मूळ स्वराच्या नेमका अर्धा स्वर वर पडतो. हे कॅरोल अशा जागांनी भरलेलं आहे, म्हणून इथं ती युक्ती सोडाच. दुसऱ्या रीतीनं करा:

बार 1: जी. बार 2: पूर्वार्ध जी, उत्तरार्ध ई सेव्हन (चालीत बी आहे, तो ई सेव्हनचा पाचवा, छान बसतो). बार 3: ए मायनर सेव्हन, मग डी सेव्हन. बार 4: जी, मग जी सेव्हन. बार 5: सी मेजर सेव्हन. बार 6: साधा जी. बार 7 आणि 8 पुन्हा सी मेजर सेव्हन आणि जी. बार 9: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन. बार 10: जी. बार 11: जी, पण बासमध्ये डी, मग डी सेव्हन. बार 12: जी.

नवे कॉर्ड खरे तर चारच आहेत. ऐकणाऱ्याला चाल पूर्ण ओळखू येते आणि दुसऱ्या बारच्या शेवटी, ई सेव्हन आला की, खोलीत कुणीतरी दिवा लावल्यासारखा फरक पडतो. सहाव्या बारला मोह आवरा. तिथंही ई सेव्हन घालणारे असतात, पण पुढं सी येतो आणि ई सेव्हनला हवा असतो ए मायनर. वाक्य अर्ध्यात सोडल्यासारखं होतं.

दोनदा वाजवा. पहिल्यांदा साधे कॉर्ड, चेलोकडे चाल, पियानो जवळजवळ गप्प. दुसऱ्यांदा हे कॉर्ड, व्हायोलिनकडे चाल, आणि फ्लूट फक्त 4, 8 आणि 10 या बारांच्या शेवटी दोन-तीन लिहिलेले स्वर. ऐकणाऱ्याला ते मनानं वाजवल्यासारखे वाटतात. स्विंग इथं नको, आठवे सरळच ठेवा.

खामकाठ

कॉर्ड आजच वाजवून पाहिले, नीट बसतात. खूप आभार. तबला पांढरी दोनचा (डी) आहे, दुसरा मिळणं अवघड. आणि जागा उघडी आहे, रात्री थंडी चांगलीच वाढायली. फ्लूट उतरते, व्हायोलिन चढतं, दोघं एकमेकांना दोष देतात.

काळी_पाच_परभणी

पांढरी दोन म्हणजे उत्तम. कार्यक्रम जवळजवळ सगळा डी आणि जीमध्ये आहे. डीच्या गाण्यांत तबला षड्जात, जीच्या गाण्यांत पंचमात. दोन्हीकडं सुरात. ‘वुई थ्री किंग्ज’ घालायचं मनात आलं तर डी मायनरमध्ये घ्या आणि ध्रुवपद एफ मेजरला गेलं की तबला थांबवा.

पण तबला फक्त दोन गाण्यांत वाजू द्या: ‘गॉड रेस्ट यी’ आणि ‘शेद्रिक’. कारण साधं आहे. बायाँचा घुमारा आणि चेलोचं पिझिकातो एकाच खालच्या पट्ट्यात येतात, त्यात चेलो हरतो. चेलो चालत असेल तिथं बायाँ झाकून ठेवा, फक्त चाटेवर ‘ना’ आणि हलका ‘तिट’, तेही दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. पूर्ण कहरवा भरला की गाणं लग्गीकडं जातं आणि स्विंग संपतो. ‘शेद्रिक’ला दादरा आपसूक बसतो. तिथं चेलो गजानं लांब स्वर धरेल तेव्हा बायाँ मोकळा करा, फार देखणं होतं.

आता थंडी. दोघांत भांडण लावू नका, दोघंही बरोबर आहेत. गारठ्यात पोलादी तार आकसते आणि सूर चढतो. फ्लूटच्या नळीतली हवा गार झाली की आवाजाचा वेग घटतो आणि सूर उतरतो, हिशोबानं अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). फुंकर नळी गरम ठेवते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. पण फ्लूटवादक तीस-चाळीस बार गप्प बसला की परत येताना हमखास खाली शिरतो. परभणी-जालन्याकडं डिसेंबरात दुपारी तीसच्या घरात असलेला पारा रात्री बाराच्या आसपास येणं नवलाचं नाही. दुपारी चारला लावलेल्या सुराला सातला काही अर्थ उरत नाही.

करायचं ते असं. सूर मंचावरच, सुरू होण्याआधी वीस मिनिटं, पियानोकडून घ्यायचा, कारण तो एकटाच हलत नाही. फ्लूटचं डोकं आत सरकवूनही सूर पुरत नसेल तर पियानोच्या मास्टर ट्यूनमध्ये 440 चं 438 करा, म्हणजे साधारण आठ सेंट उतरेल. तारवाले खाली येऊ शकतात, फ्लूट वर जाऊ शकत नाही. गप्प बसायच्या वेळी फ्लूट शालीत, आणि शिरण्याआधी सगळ्या कळा दाबून नळीत नुसती ऊब फुंकायची, आवाज न काढता. शेकोटीजवळ मात्र नेऊ नका, एका बाजूनं तापते आणि गाद्या बिघडतात.

कोरड्या थंडीत लाकूड आकसतं आणि व्हायोलिनच्या खुंट्या सुटतात. आत दाबत फिरवायची सवय ठेवा, खुंटीला पेस्ट आधीच लावून घ्या. तबल्याची पुडी कोरड्या हवेत ताणून चढते, दव पडायला लागलं की उतरते. प्रत्येक गाण्याआधी एक टिचकी मारून ऐकायचं, हातोडी शेजारीच हवी.

ध्वनी_लातूर

साऊंडवाल्याला आधीच सांगा: मिरवणुकीचे मोठे बास बॉक्स नकोत. स्टँडवरचे दोन स्पीकर, वादकांच्या पुढं, ऐकणाऱ्यांकडं तोंड करून. मंचावर मॉनिटर ठेवलाच तर एकच, चेलो आणि पियानोच्या मध्ये.

माइक: व्हायोलिनला वरून हात-दीड हातावर एक. चेलोला घोडीच्या समोर वीतभर अंतरावर. फ्लूटला ओठाच्या थेट समोर नाही, नाहीतर नुसती फुंकर ऐकू येते. किंचित वर आणि बाजूला. पियानोची वायर डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी पेटी). तबल्याला एकच माइक, दोन्हीच्या मध्ये, आणि आवाज शेवटी वाढवायचा. कंडेन्सर (वीज लागणारे माइक) असतील तर मिक्सरवर 48 व्होल्टचं फँटम, म्हणजे माइकला वीज देणारं बटन, चालू आहे का ते पाहा. ‘माइक खराब आहे’ म्हणून बदलले जाणारे निम्मे माइक याच एका बटनामुळे बंद असतात.

खालचा आवाज कापायचं बटन सगळ्यांना सारखं लावू नका. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर 196 हर्ट्झचा, तिथं 150 पर्यंत कापलं तरी काही जात नाही. फ्लूटला 200. चेलोला मात्र बटन बंद, नाहीतर सी तार नाहीशी होते आणि वरचा सगळा बासचा खटाटोप वाया. चेलोची शिटी बसायला लागली तर 200 ते 300 च्या दरम्यान थोडं कमी करा, सगळा फेडर खाली ओढू नका.

वीज. इन्व्हर्टर साध्या चौकोनी लहरीचा असेल तर पियानोतून गुणगुण येते. पियानोच्या अडॅप्टरला शुद्ध साइन लहरीचा छोटा यूपीएस द्या, बत्ती गेली तरी गाणं तुटत नाही. मिक्सर आणि पियानो एकाच बोर्डावरून घ्या. तरीही गुणगुण राहिली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगचा अर्थिंगचा पिन काढून टाकणं हा उपाय नाही, उघड्या मंचावर दव पडलेलं असताना तर मुळीच नाही.

गोदाकाठ_नांदेड

हक्कांचं राहिलं. आपल्याकडं रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो. कोरेल्ली, विवाल्दी, ग्रुबर, लिओन्तोविच (मृत्यू 1921), टिळक (1919) सगळे मोकळे. मांडणी तुमचीच असेल तर कुणाला विचारायचं कारण नाही. इंटरनेटवरून उतरवलेली कुणाची आजची मांडणी मात्र मोकळी नसते, मूळ चाल जुनी असली तरी. बोलिंग 2020 ला गेला, त्याची स्वीट घ्यायची तर छापील प्रत विकत घ्या. तिकीट नसलेल्या हौशी मंडळाच्या कार्यक्रमाला कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे. तिकीट लावणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना आधी पाहून घ्या.

आणि पार्ट छापताना प्रत्येक गाणं समोरासमोरच्या दोन पानांत बसवा. उघड्या मंचावर वारा असतो. पानांना चार-चार कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, आणि स्टँडला दिवा, कारण मंचावरचा झोत वादकाच्या चेहऱ्यावर पडतो, कागदावर नाही.

खामकाठ

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त पास्तोराले, त्यापुढची जोड आणि गजाचं स्केल. तबला तिसऱ्या आठवड्यापासून. एकच शंका: जोडीच्या चार बारांत चेलोनं तंबोऱ्याचा स्वर धरूनच ठेवायचा की लगेच पिझिकातोला जायचं?

गज_आणि_तार

धरून ठेवा. पहिले तीन बार गजानंच जी आणि डी. चौथ्या बारच्या तिसऱ्या ठोक्याला गज तारेवरून उचला, गज मुठीतच ठेवून पहिलं बोट मोकळं करा, आणि पाचव्या बारच्या समेवर पहिलं पिझिकातो. गज खाली ठेवायला गेलात तर सम हुकते.